बोरोबुदूरचा झाकलेला पाया

पायथ्याशी आमचे बूट नि चपला उतरवून घेण्यात आल्या आणि प्रत्येकाच्या हाती केतकीच्या कुळातील एका वनस्पतीच्या पात्यांनी विणलेल्या हलक्या सपाता देण्यात आल्या. तेथे त्यांना ‘उपानत’ म्हणतात. संस्कृतातील ‘उपानह’ हा आपल्या पोथ्यापुराणांतील शब्द जावा बेटावर असा अचानक पायांत येऊन बसेल, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते. दररोज ठरावीक संख्येतील माणसांनाच वर जाऊ द्यावे, त्यांनीही वाटाड्याखेरीज जाऊ नये आणि कठीण तळव्यांच्या पादत्राणांनी दगड झिजवू नयेत, असा दंडक तेथे गेल्या काही वर्षांपासून पाळला जातो. आम्ही धर्मग्रामातील चौदाजण सूर्यास्ताच्या फेरीसाठी निघालो होतो. उन्हाचा ताप उतरला होता. पूर्वेकडील दारातून वाटाड्या आम्हांला आत नेऊ लागला, तेव्हा आमच्यातील वयाने सर्वांत मोठ्या बाई, ज्यांना आम्ही सगळेच मावशी म्हणतो, त्या पहिल्याच पायरीशी थबकल्या.

“ह्यांच्या देवळाला आपण प्रदक्षिणा घालायची का?” मावशींनी विचारले.

प्रश्न सरळ होता. तो आमच्याही मनात होता. विचारण्याचे धैर्य मात्र मावशींनी दाखविले. आम्ही चाचरत त्याचा अनुवाद केला. वाटाड्या मध्यमवयीन जावी गृहस्थ, धर्माने मुसलमान. तो मावशींना ‘इबू’, म्हणजे आई, म्हणत असे. तो हसून म्हणाला, “इबू, स्तूप उजव्या हाताला ठेवून चाला. उलटे चाललात, तर गोष्ट शेवटाकडून वाचावी लागेल.”

बोरोबुदूर खरोखरच चालत वाचावयाचा ग्रंथ आहे. मध्य जावातील केडूच्या मैदानात एका नैसर्गिक टेकडीला पोटात घेऊन हा स्तूप उभा आहे. इसवी सनाच्या आठव्या शतकाच्या उत्तरार्धात शैलेंद्र राजांच्या काळी तो बांधण्यास आरंभ झाला आणि नवव्या शतकाच्या पूर्वार्धात तो पुरा झाला, असे अभ्यासक मानतात. चुना नाही, सिमेंट नाही. ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचे सुमारे वीस लक्ष चिरे एकमेकांत बसविलेले. खाली चौकोनी मजले, वर तीन वर्तुळाकार, त्यांवर जाळीदार घंटांसारखे ७२ लहान स्तूप आणि मध्ये एक मोठा. सज्जांच्या भिंतींवर कथा सांगणारे १४६० शिल्पपट्ट आहेत. पहिल्या सज्जात १२० पट्टांवर ‘ललितविस्तरा’नुसार बुद्धाचे चरित्र येते, त्याच्याच आजूबाजूला जातककथा, वरच्या सज्जांत सत्याच्या शोधात गुरूमागून गुरू करीत फिरणाऱ्या सुधन नावाच्या तरुणाची कथा. मध्येच शिडाचे जहाज येते, हत्ती येतात, पाणी भरणाऱ्या बाया येतात. मावशींनी पाण्याला गेलेल्या त्या बायांपाशी बराच वेळ काढला.

मात्र पहिल्या वळणावरच जे दिसते, त्याने मन चरकते. बुद्धमूर्ती एकूण ५०४. त्यांपैकी तीनशेंहून अधिक भंगलेल्या, बहुतेकांना मस्तकच नाही, आणि ४३ तर जागेवरच नाहीत. कोनाड्यामागून कोनाडा, मांडीवर शांत हात आणि खांद्यांच्या वर नुसते आकाश. चोरांनी नेली, संग्राहकांनी नेली, वस्तुसंग्रहालयांत गेली. १८९६ साली सयामचे राजे चुलालोंगकोर्न आले, तेव्हा डच सरकारने त्यांना येथील शिल्पे आठ गाड्या भरून नेऊ दिली. दुसऱ्याच्या घरातील वस्तू तिसऱ्याला भेट देण्याचा हा उदारपणा साम्राज्यांनाच परवडतो.

परंतु डचांना बोल लावताना आमची जीभ थोडी अडखळली. आम्ही साष्टीच्या उत्तरेचे रहिवासी. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यांत सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी चर्च केले. मूळ शिल्प तासून कातळात कोरलेला क्रूस तेथे आजही पाहता येतो. ती लेणी शैवांची होती, बौद्धांची नव्हे. त्याने आमच्या अडचणीत काही फरक पडत नाही. नालासोपाऱ्याला, म्हणजे आमच्या उंबरठ्यावर, ज्याला लोक बुरुड राजाचा कोट म्हणत त्या टेकाडात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना स्तूप आणि त्याच्या गाभ्यातील अवशेषपात्रे सापडली. आमच्या चौदाजणांपैकी ते ठिकाण किती जणांनी पाहिले आहे, असे आम्ही तेथेच एकमेकांना विचारले. दोन हात वर झाले.

दहाव्या-अकराव्या शतकानंतर जावातील राजसत्ता पूर्वेकडे सरकली, पुढे लोकांनी इस्लाम स्वीकारला आणि बोरोबुदूर राख-मातीखाली व झाडोऱ्याखाली गेले. ते अगदीच विस्मरणात मात्र गेले नव्हते; आसपासच्या लोकांना तेथे काहीतरी आहे हे ठाऊक होते. १८१४ साली, जावा अल्पकाळ इंग्रजांकडे असताना, गव्हर्नर रॅफल्स यांनी कॉर्नेलियस या डच अभियंत्याला पाठविले. त्याने सुमारे दोनशे मजुरांनिशी दोन महिन्यांत झाडे तोडली, माती उपसली. १८३५ पर्यंत सारा स्तूप उघडा झाला. उघडा झाला म्हणजे वाचला, असे नव्हे. पावसाचे पाणी चिऱ्यांच्या फटींतून टेकडीच्या मातीत मुरत होते, भिंती बाहेर झुकत होत्या. १८८२ मध्ये तर सगळी शिल्पे उतरवून वस्तुसंग्रहालयांत ठेवावीत, अशीही सूचना पुढे आली. सुदैवाने ती मानली गेली नाही.

आता ज्यासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला त्या गोष्टीकडे येऊ. १८८५ साली आयझरमान या डच अभियंत्याच्या ध्यानात आले की, स्तूपाचा जो रुंद पाया आपण पाहतो तो मूळचा नव्हेच. त्याच्या मागे आणखी एक पाया दडलेला आहे. थोडे थोडे चिरे काढून पाहिले, तेव्हा त्या झाकलेल्या पायावर चारही बाजूंनी १६० शिल्पपट्ट निघाले. त्यांचा विषय कर्म आणि त्याचे फळ. मासे आणि कासवे रांधणारी माणसे एका बाजूस, तर दुसऱ्या बाजूस तीच माणसे नरकाच्या कढईत. चुगली, मारामारी, दारू; तसेच दानधर्म, सेवा आणि त्यांचे सुख. काही पट्टांवर शिल्पकारांसाठी कोरलेल्या सूचना तशाच राहून गेल्या आहेत: कोठे ‘स्वर्ग’, तर कोठे वेड्यावाकड्या चेहऱ्यांच्या वर ‘विरूप’. हजारभर वर्षांपूर्वीच्या जावी लिपीतील हे शब्द मराठी माणसाला अर्थासाठी कोश उघडावयास लावीत नाहीत. त्याच अक्षरांच्या वळणावरून स्तूपाचा काळ ठरविण्यास मोठे साहाय्य झाले.

हा पाया झाकला का? टेकडीची माती सरकू लागली म्हणून धिऱ्यासारखा नवा पाया बांधावा लागला, असे बहुतेक अभियंते म्हणतात; धार्मिक हेतू होता, असेही काहींचे मत आहे. आम्हांला पहिले कारण अधिक पटते, कारण काही पट्ट अर्धेच कोरलेले आहेत. अर्धे काम कोणी हौसेने झाकीत नाही.

झाकलेला पाया कायमचा उघडा ठेवणे धोक्याचे होते. तेव्हा १८९० आणि १८९१ मध्ये एकेक भाग उघडावयाचा, त्याचे छायाचित्र घ्यावयाचे आणि चिरे परत रचावयाचे, असे ठरले. हे काम ज्याच्याकडे आले त्याचे नाव कासियान केफास. १८४५ साली योग्यकार्ता येथे जन्मलेला हा जावी माणूस सुलतानाच्या दरबारचा छायाचित्रकार होता. आपल्या लोकांतील पहिला छायाचित्रकार म्हणून त्याची ख्याती आहे. १८६० मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याचा बाप्तिस्मा झाला होता. तो कॅथलिक नव्हता, प्रॉटेस्टंट होता. केफास म्हणजे आपल्या शुभवर्तमानातील केफा, प्रभूने शिमोनाला दिलेले नाव, खडक. बुद्धाच्या स्तूपाचा दडलेला खडक जगाला दाखविण्याचे काम ह्याच नावाच्या माणसाच्या वाट्याला यावे, ह्याचे आम्हांला नवल वाटले. वाटाड्याला त्याचे काही विशेष वाटले नाही. तो म्हणाला, “चांगला कारागीर होता, म्हणून त्याला बोलावले.”

काचेच्या जड पट्ट्या, अवजड कॅमेरा, पायाच्या दोन भिंतींमधील अरुंद जागा. अशा अवस्थेत केफासने ते सर्व १६० पट्ट टिपले. मग पाया पुन्हा झाकला गेला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या अमलाखाली आग्नेय कोपरा उघडला गेला, तेवढाच आज दिसतो. बाकीचे पट्ट कसे आहेत हे कोणाला जाणावयाचे असेल, तर आजही केफासच्या छायाचित्रांखेरीज मार्ग नाही. आग्नेय कोपऱ्यात ‘विरूप’ हा शब्द असलेला पट्ट वाटाड्याने आम्हांला दाखविला. मग मावशींच्या पायांकडे बोट करून तो म्हणाला की, ह्या सपातांचा नमुनाही झाकलेल्या पट्टांपैकीच एकावरून घेतला आहे. म्हणजे केफासने जे टिपले, ते पायांत घालून आम्ही चालत होतो!

पुढील जीर्णोद्धाराची हकीकत सर्वत्र छापून आलेली आहे, थोडक्यात सांगतो. १९०७ ते १९११ या काळात व्हान एर्प या लष्करी अभियंत्याने वरचे मजले नीट रचले. मुख्य स्तूपावर त्याने दगडी छत्रही उभारून पाहिले. परंतु मूळचे दगड पुरेसे नाहीत असे दिसताच स्वतःच ते उतरविले. इतका प्रामाणिकपणा जीर्णोद्धार करणाऱ्यांत विरळा. (आमच्याकडील काही जुन्या चर्चना फरशा बसविणाऱ्यांनी हे वाचावे.) त्यानंतर युनेस्कोच्या साहाय्याने आणि डॉ. सुकमोनो या इंडोनेशियन पुरातत्त्वज्ञांच्या नेतृत्वाखाली चौकोनी मजल्यांचे दहा लाखांहून अधिक दगड उतरवून, क्रमांक घालून, धुऊन, आत पाणी वाहून नेणाऱ्या नळांची व काँक्रीटची योजना करून ते पुन्हा जागच्या जागी बसविले गेले. २३ फेब्रुवारी १९८३ रोजी काम पुरे झाले.

दोन वर्षेही झाली नाहीत तोच २१ जानेवारी १९८५ च्या पहाटे बॉम्ब फुटले आणि नऊ लहान स्तूप उद्ध्वस्त झाले. त्याआधी महिनाभर, १९८४ च्या नाताळच्या आदल्या रात्री, पूर्व जावातील मलांग शहरी ख्रिस्ती वास्तूंतही स्फोट झाले होते. वाटाड्याने हे आवाज खाली करून सांगितले. नंतर, २०१० साली मेरापी ज्वालामुखीचा उद्रेक होऊन स्तूपावर राखेचा थर बसला, तेव्हा तो झाडण्यासाठी आसपासच्या गावांतील माणसे आली, हे सांगताना मात्र त्याचा आवाज पूर्ववत झाला. ती माणसे बहुतेक मुसलमान. येथे पूजा करणारे आता जवळपास राहत नाहीत. ते वैशाख पौर्णिमेला मेंदुतच्या मंदिरापासून मिरवणुकीने येतात. त्या मेंदुतला फ्रान्सिस्कन धर्मभगिनींनी १९०८ पासून जावी मुलींची शाळा चालविली होती.

आम्ही वर्तुळाकार सज्जावर पोहोचलो तेव्हा सूर्य बराच खाली उतरला होता. तेथे भिंती नाहीत, कथा नाहीत. जाळीच्या घंटांत बसलेले बुद्ध आणि चहूकडे मोकळे आकाश. सर्वांनी पश्चिमेकडे तोंड केले. वाटाड्याने आम्हांला वळावयास सांगितले. पूर्वेला मेरापीच्या शिखरावरचा धूर तांबूस झाला होता आणि दक्षिणेकडे मेनोरेहच्या रांगेत आडवे झोपलेल्या माणसाची आकृती दिसत होती. स्तूपाचा स्थपती गुणधर्म तो हाच, आपले काम राखीत निजला आहे, असे गावकरी मानतात. तेवढ्यात एका गावातून मग्रिबची बांग आली, मग दुसऱ्या, मग दहा गावांतून. मावशींनी पदर डोक्यावर घेतला. आमच्याकडे ह्या वेळी देवदूताच्या प्रार्थनेची घंटा होते. त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या; आम्ही विचारले नाही.

त्याच मेनोरेहच्या डोंगरात सेंदांगसोनो आहे. १४ डिसेंबर १९०४ रोजी तेथील दोन झाडांमधील झऱ्यावर फादर व्हान लिथ या येशूसंघीय धर्मगुरूंनी १७१ जावी माणसांना बाप्तिस्मा दिला. मध्य जावातील ख्रिस्तसभेचे मूळ तेथे मानतात. फादर व्हान लिथ यांच्या मुंतिलान येथील शाळेतून पुढे सुगियाप्रनाता हे १९४० साली पहिले इंडोनेशियन बिशप झाले. त्यांचा जन्म मुसलमान घरातला. सेंदांगसोनोचा झरा त्याही पूर्वी बौद्ध भिक्षूंच्या विसाव्याची जागा होता, असे तेथील लोक सांगतात. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तेथे गेलो. १९२९ साली उभारलेल्या पवित्र मारियेच्या गुहेपाशी मिस्सा झाली. झऱ्याच्या ओल्या पायऱ्या उतरताना आम्ही सगळे बुटांनी घसरत होतो. मावशी मात्र कालच्याच सपाता घालून आल्या होत्या, आणि सर्वांच्या आधी त्या पाण्यापाशी पोहोचल्या.