पीक-अवशेष, शेळ्यांच्या आहारातील

पिकाची काढणी, मळणी किंवा पुढची प्रक्रिया होऊन मुख्य उत्पादन वेगळे केल्यावर जे भाग मागे उरतात आणि जनावरांना खाऊ घालता येतात, त्यांना पीक-अवशेष म्हणतात. ज्वारीचा कडबा, तूर, हरभरा व सोयाबीन यांचे भुसकट (विदर्भातील कुटार), भुईमुगाचा पाला आणि उसाचे वाढे हे शेतात मिळणारे, तर सरकी व शेंगदाण्याची पेंड, डाळींची चुणी आणि गहू-तांदळाचा कोंडा हे घाण्यातून व गिरणीतून येणारे अवशेष होत. महाराष्ट्रातील उस्मानाबादी, संगमनेरी व बेरारी या जातींच्या शेळ्या प्रामुख्याने चराईवर जगत असल्या, तरी सुगीपासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत, म्हणजे रानातला पाला संपल्यावर, त्यांची भिस्त याच अवशेषांवर असते.

शेळीचे तोंड निमुळते आणि वरचा ओठ चपळ असल्यामुळे ती पुढ्यातल्या वैरणीतून पाने, कोवळे शेंडे व शेंगांची टरफले वेचून खाते; कडब्याची अखंड पेंढी टाकली, तर पात ओरबाडली जाते आणि धाटे तशीच पडून राहतात. कुट्टी केल्याने नासाडी घटते हे खरे, परंतु निवडीला वाव उरत नाही आणि पोट भरूनही पोषण मिळत नाही, म्हणून उरलेल्या वैरणीवरून फायदा मोजणे फसवे ठरते. कोठीपोटातील (रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या जठराच्या पहिल्या व सर्वांत मोठ्या कप्प्यातील) सूक्ष्मजीवांना तंतुमय भाग पचवण्यासाठी आहारात साधारण ७ टक्के प्रथिने लागतात. कडब्यात ती याहून बरीच कमी असतात, तर भुईमुगाच्या पाल्यात पुरेशी असतात. त्यामुळे केवळ कडब्यावर ठेवलेली गाभण शेळी खंगते आणि तिची करडे अशक्त निपजतात; तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या भुसकटाची जोड दिल्यास ही उणीव काही अंशी भरून निघते.

अवशेषांमुळे होणारे बहुतेक अपाय विषारी घटकांपेक्षा आहारात एकाएकी केलेल्या बदलामुळे होतात, आणि त्यांतील सर्वांत घातक म्हणजे आम्लता. मळणीनंतर खळ्यावर सोडलेल्या शेळ्या भुसकटाबरोबर सांडलेली ज्वारी, मका किंवा गहूही पोटभर खातात; त्यातील स्टार्च कोठीपोटात झपाट्याने आंबून लॅक्टिक आम्ल साचते आणि तंतू पचवणारे सूक्ष्मजीव मरू लागतात. दुसऱ्या दिवसापर्यंत शेळी रवंथ थांबवते, दात खाते, मान टाकून उभी राहते. डावी कूस हलवली असता आत पाणी डुचमळल्याचा आवाज येतो आणि आंबूस वासाच्या पातळ हगवणीत न पचलेले दाणे दिसतात. सुरुवातीच्या अवस्थेत खाण्याचा सोडा उपयोगी पडतो, परंतु वाचलेल्या शेळीच्या खुरांना पुढे दाह होऊन ती लंगडू शकते. अशाच बदलात आतड्यातील क्लॉस्ट्रिडियम जिवाणू बेसुमार वाढून आंत्रविषार हा रोग होतो. त्यावर पावसाळ्यापूर्वी लस टोचण्याची पद्धत असली, तरी नवा खुराक आठ-दहा दिवसांत थोडाथोडा वाढवणे ही खबरदारी लसीमुळे टळत नाही.

बकरी ईदसाठी पोसल्या जाणाऱ्या बोकडांना गव्हाचा किंवा तांदळाचा कोंडा सढळ हाताने दिला जातो. कोंड्यात फॉस्फरस भरपूर व कॅल्शियम अगदी थोडे असल्यामुळे मूत्रमार्गात खडे तयार होतात; ते नराच्या मूत्रनलिकेच्या टोकाशी असलेल्या बारीक नळीसारख्या भागात अडकतात आणि बोकड कुंथत थेंब-थेंब मुततो. लघवी पूर्ण तुंबली तर मूत्राशय फुटतो. लहानपणीच खच्ची केलेल्या नरात मूत्रनलिका अरुंद राहत असल्याने हा धोका वाढतो. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असणे आणि पाणी मुबलक मिळणे, हाच त्यावरचा खरा उपाय होय.

उसाच्या वाढ्यांतील ऑक्झलेट शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून ते एकमेव वैरण म्हणून चालत नाहीत. ज्वारी कापल्यानंतर खोडव्याला फुटणाऱ्या कोवळ्या धाटांत, विशेषतः पावसाने ओढ दिली असता, हायड्रोसायनिक आम्ल निर्माण करणारा घटक धोकादायक प्रमाणात असतो. वाळलेल्या कडब्यात हे भय फारसे राहत नाही. भिजलेल्या शेंगदाणा पेंडीतील बुरशीचे अफ्लाटॉक्सिन यकृत निकामी करते. हे विष 1960 साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांच्या मोठ्या मरीमुळे उजेडात आले, ते त्यांच्या खाद्यातील शेंगदाणा पेंडीतूनच. मक्याच्या धाटांचा मुरघास नीट न दाबता हवा राहिल्यास त्यात लिस्टेरिया हा जिवाणू वाढतो आणि तो मुरघास खाल्लेली शेळी एका बाजूला मान वळवून गोल फिरू लागते.

सरकी पेंडीतील गॉसिपॉल प्रौढ शेळीच्या कोठीपोटात बरेचसे निष्प्रभ होते, मात्र ज्यांचे कोठीपोट अजून कामाला लागलेले नाही अशा करडांच्या हृदयाला ते बाधते, म्हणून त्यांना ही पेंड देत नाहीत. कापूस वेचल्यावर उभ्या पऱ्हाटीत कळप चारण्याचा प्रघात जुना आहे. 2006 साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील वारंगळ जिल्ह्यात बीटी कपाशीच्या शेतात चरलेल्या मेंढ्या दगावल्याच्या तक्रारी झाल्या, परंतु शासकीय यंत्रणेने बीटी जनुकाशी त्यांचा संबंध असल्याचे मान्य केले नाही. फवारणीच्या औषधांचे अंश पानांवर राहण्याचा धोका मात्र कोणत्याही वाणाच्या कपाशीत असतो.