मुरुडहून निघणाऱ्या वाटा

दिल्लीतील सरकारी नोकराला रजा-प्रवास सवलत मिळते, आणि आमच्या कचेरीतील बहुतेक मंडळी ती काश्मीर किंवा अंदमानच्या वारीत खर्च करतात. गेल्या माघात मी मात्र ती कोकणात घालविली. खेडला आगगाडीतून उतरून हर्णै गाठले, आणि समुद्र उजव्या हाताला ठेवून रत्नागिरीपर्यंत पायी जावे असा बेत केला. पिशवीत एक नकाशा होता व धोंडो केशव कर्वे यांचे १९१५ सालचे ‘आत्मवृत्त’ होते.

मुरुड, कर्दे, लाडघर येथवर ओहोटीच्या वेळी पुळणीवरून सुखाने चालता येते. पुढे डोंगराचे नाक थेट पाण्यात उतरते. मग सड्यावर चढायचे, पुन्हा बुरोंडीकडे उतरायचे, पुन्हा चढायचे. कोळथऱ्यानंतर दाभोळला आलो तर समोर वाशिष्ठीची विस्तीर्ण खाडी! इतका गजबजलेला, इतक्या प्राचीन बंदरांचा हा किनारा. त्याला सलग अशी जुनी वाट कशी नाही, हा प्रश्न तेथे धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहताना मनात आला.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सुमारे ६३० मैलांची अशी पायवाट आहे. तिचा उगम मौजेचा नाही. चोरटा व्यापार पकडण्यासाठी सरकारी पहारेकरी प्रत्येक कडा व प्रत्येक खाच पायी तपाशीत, त्यांच्या पावलांनी ती घडली. आमच्या किनाऱ्यावर पहारा होता तो गलबतांचा. आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग हर्णैसमोर भर पाण्यात उभा आहे. १७५५ साली पेशवे व इंग्रज यांनी मिळून तो घेतला, तेव्हा कमोडोर जेम्सच्या तोफा समुद्रातूनच धडाडल्या. या मुलखात गावाहून गावाला जाण्याचा हमरस्ता म्हणजे पाणी. जमिनीवरच्या वाटा किनाऱ्याला समांतर नसून काटकोनात निघत व घाट चढत. दाभोळचा माल खाडीतून होड्यांनी चिपळूणजवळ गोवळकोटपर्यंत जाई आणि तेथून बैलांच्या पाठीवर कुंभार्ली घाटाने कऱ्हाडला. पंधराव्या शतकातील रशियन प्रवासी निकितिन चौलला उतरला तो किनारा धरून चालला नाही. सह्याद्री चढून जुन्नरला गेला, पावसाळा तेथे काढला, आणि परतताना दाभोळला येऊन जहाजात बसला.

पण हा हमरस्ता वर्षातून काही महिने बंद असे. ज्येष्ठात गलबते किनाऱ्यावर ओढली की ती नारळी पौर्णिमेपर्यंत हलत नसत, आणि पौर्णिमा उलटली तरी दर्या निवळेलच असा भरवसा नसे. या बंद दरवाजाशी एका मुलाची गाठ पडली, ती हकीकत ‘आत्मवृत्ता’त आहे. १८७५ च्या सप्टेंबरात मुरुडच्या धोंडू कर्व्याला सरकारी नोकरीसाठी लागणारी परीक्षा द्यायची होती. बोटीने मुंबईला जावे तर हवा बिघडलेली. तेव्हा तो व त्याचे सोबती साताऱ्याकडे पायी निघाले. पावसापाण्यातून, रानातून, सह्याद्री ओलांडून सुमारे ११० मैल त्यांनी चार दिवसांत तोडले आणि वेळेवर पोहोचले. वयाची अट सतरा वर्षांची होती व ती त्याने पुरी केली होती. तथापि परीक्षासमितीच्या प्रमुखाने त्या किरकोळ अंगाच्या मुलाकडे पाहिले आणि हा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून त्याला बसू दिले नाही.

हा भाग मी लाडघरच्या वाळूत बसून वाचला आणि पुस्तक मिटून ठेवले. त्याचे कारण सांगितले पाहिजे. मीही टेबलाच्या त्याच बाजूला बसतो. काही वर्षांपूर्वी एका उमेदवाराचा अर्ज, एक दाखला जोडला नाही म्हणून, मी नियमाप्रमाणे परत केला होता. तो कोठून, कसा आला हे मी विचारले नव्हते. विचारण्याचा रकाना नमुन्यात नाही. त्याच्या पायांतील चपला ओल्या होत्या, एवढे मात्र आठवते.

कर्वे पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा उत्तीर्ण झाले. स्त्रीशिक्षणाचे त्यांचे कार्य आणि १९५८ चे भारतरत्न सर्वांना ठाऊक आहे, त्याविषयी येथे लिहीत नाही.

दाभोळहून फेरीबोटीने काही मिनिटांत धोपाव्याला उतरलो. गुहागर, पालशेत, हेदवी ही गावे नारळी-पोफळीच्या सावलीतून गेली. पायांचे फोड सोडले तर सांगण्यासारखे काही नाही. तवसाळला पुन्हा तर. शास्त्रीची खाडी ओलांडून जयगड, पुढे केशवसुतांचे मालगुंड. तेथे एका वृद्ध खलाशाने विचारले, ‘‘कुठनं आलांव?’’ हर्णैहून चालत, म्हणताच तो हसला. ‘‘चालत कशाला? शिडाचं गलबत वारा बरा असला तर कधीच पोचलं असतं.’’

रत्नागिरीला दिल्लीची गाडी धरली. चिपळूणजवळ पुलावरून वाशिष्ठी ओलांडताना खिडकीशी उभा राहिलो. उजवीकडे सह्याद्रीची काळी रांग दिसत होती. तिच्यात घाटाची खिंड नेमकी कोठे ते शोधीत होतो, तेवढ्यात गाडी बोगद्यात शिरली.