काचेपलीकडचा मासा

नाशिकमध्ये समुद्री मासे आणि कोरल पाळायचे, तर आर.ओ.च्या पाण्यात मीठ मोजून घालावं लागतं. असा खारा संसार थाटलेली हौशी मंडळी मग त्या टाकीसमोर मॅक्रो लेन्स घेऊन बसतात. ही लेन्स मात्र माशांसाठी जन्मली नव्हती. ती ग्रंथालयाची लेक.

१९५०च्या दशकात जपानमध्ये पुस्तकं मायक्रोफिल्मवर उतरवली जात होती. रोमन अक्षरांना चालणाऱ्या लेन्सखाली कांजी लिपीतल्या दाट, बारीक रेघा एकमेकींत मिसळत. टोकियो विद्यापीठाच्या प्रा. कोआना यांना त्याहून रेखीव लेन्स हवी होती, आणि १९५६ साली निकॉनची मायक्रो-निक्कोर आली. जर्मन कारागीर हाइन्झ किलफिट यांची माक्रो-किलार ही लेन्स तिच्या वर्षभर आधीची. १९६१ मध्ये निकॉन एफ कॅमेऱ्यासाठी मायक्रो-निक्कोरचा नवा अवतार निघाला. त्यात एक सेंटिमीटरची वस्तू फिल्मवरही एक सेंटिमीटर भरे, आणि लेन्सला दिसतं तेच छायाचित्रकारालाही दिसे. पानावरचं अक्षर जागा सोडत नाही, मासा सोडतो. म्हणून ही दुसरी सोय माशांच्या बाबतीत जास्त मोलाची.

काचेतल्या माशाचा फोटो त्याहून जुना. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं आणि थोड्याच काळात काउंट द मोंतिझों या हौशी छायाचित्रकारानं तिथल्या पाइक माशाला टिपलं. तेव्हाच्या ओल्या कोलोडियन पद्धतीत निमिषार्धात फोटो निघत नसे. पाइक मात्र दबा धरून तरंगत राहणारा शिकारी. मला वाटतं, मासा निवडला तिथेच निम्मं काम झालं.

आपल्याकडे सजीवांना असं धीरानं टिपणाऱ्या घराण्याचा मूळपुरुष शोधायचा, तर त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांकडे जावं लागतं. १९१२ मध्ये लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेरा त्यांनी वाटाणे पेरलेल्या कुंडीसमोर मांडला आणि महिनाभर त्यांची वाढ थोडी थोडी टिपली. ‘अंकुराची वाढ’ भरली जेमतेम मिनिटभर, पण चित्रपटासाठी भांडवल घालणाऱ्यांना तेवढी पुरली. पुढे नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म कंपनीच्या ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) त्यांच्या मुलीनं, मंदाकिनीनं, कृष्ण साकारला आणि पाण्याखालची झुंजही पडद्यावर आली. पाणी आहे म्हणून कोणी कालियाला पूर्वज म्हणेल. माझा कौल वाटाण्याला. कालिया ही करामत होती. वाटाणा खरोखर वाढत होता, आणि फाळके त्याच्या वेगानं चालले.

टाकीसमोर आजही तसंच चालावं लागतं. लेन्स काचेला काटकोनात हवी. तिरपी धरली की पाणी आणि काच प्रकाश वाकवतात, कडा फुटतात, रंग सांडतात. रबरी हूड काचेला टेकवला की खोलीचं प्रतिबिंब जातं. पंप थोडा वेळ बंद ठेवायचा, म्हणजे कोरलचे पॉलिप डोलत नाहीत. मूळ आकाराइतका फोटो घेताना स्पष्टतेची खोली मिलिमीटरच्या आसपास उरते. ती वाढवायला लेन्सचं छिद्र बारीक करावं, तर प्रकाश अपुरा पडतो. मग फ्लॅश वरून मारायचा.

टाकीवरच्या निळ्या एलईडीचा प्रश्न निराळा. त्या उजेडात कोरल हिरवे-केशरी चमकतात, पण कॅमेरा बहुतेक निळंच टिपतो. लेन्सवर पिवळा फिल्टर लावला की निळा अडतो आणि कोरलचा स्वतःचा रंग फोटोत येतो.