आवाज, माईक आणि आपली मुले



15 ऑगस्टचा कार्यक्रम असो की मोहल्ल्यातील सीरतचा जलसा असो, घरी धडाधडा भाषण म्हणून दाखविणारे मूल माईकसमोर उभे राहिले की गप्प होते. "पोर लाजाळू आहे," असे म्हणून आपण विषय संपवितो. परंतु हेच मूल उद्या नोकरीच्या मुलाखतीस बसणार आहे, ग्रामसभेत आणि तहसील कचेरीत उभे राहणार आहे. जो बोलत नाही त्याचा हक्क कोणी घरी आणून देत नाही. म्हणून या प्रश्नाकडे इतिहासाच्या प्रकाशात पाहणे अगत्याचे आहे.

माईक नवा आहे, पण दूरवर आवाज पोहोचविण्याची गरज जुनी आहे. हिजरी सन 10 मध्ये, म्हणजे इ. स. 632 साली, अरफातच्या मैदानावर हजरत पैगंबर (स.) यांनी अखेरच्या हजचा खुतबा दिला. इब्ने इसहाक यांच्या सीरतमध्ये असे नमूद आहे की, पैगंबर (स.) एकेक वाक्य बोलत आणि रबीआ बिन उमय्या हे बुलंद आवाजाचे गृहस्थ तेच वाक्य मोठ्याने लोकांपर्यंत पोहोचवीत. मोठ्या जमातीत इमामाची तकबीर मागील सफांपर्यंत पोहोचविणारा मुकब्बिरही हेच काम करतो.

हे काम विजेने करण्याची सोय अगदी अलीकडची. 1915 साली पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडहॅम यांनी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात मोठ्या जमावासमोर लाऊडस्पीकर लावून दाखविला. पुढे तो आपल्या देशात आला, तेव्हा नमाजमध्ये त्याचा वापर करावा की नाही, यावर उलेमांमध्ये बराच खल झाला. यंत्रातून येतो तो बोलणाऱ्याचा मूळ आवाज की त्याचा पडसाद, हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. आपण यातून एक साधी गोष्ट घ्यावी. माईक आवाज मोठा करतो. विचार आणि धीर मात्र बोलणाऱ्यालाच आणावा लागतो.

मग हा धीर यावा कसा? प्रथम हे जाणावे की बोलताना भीती वाटणे हा दोष नव्हे. फिरऔनच्या दरबारी जाण्याचा हुकूम झाला, तेव्हा हजरत मूसा (अ.) यांनी छाती विशाल व्हावी, काम सोपे व्हावे आणि लोकांना बोलणे समजावे म्हणून जिभेची गाठ सुटावी, अशी दुआ मागितली. बंधू हजरत हारून (अ.) यांची सोबतही मागितली. सूरह ताहामध्ये हा प्रसंग आला आहे. ही दुआ मुलांना अर्थासह शिकवा. पहिल्या वेळी एखादा सोबती बरोबर द्या. दोघांनी मिळून संवाद म्हटला तरी चालेल.

दुसरा प्रसंग सहीह बुखारीतील आहे. मोमिनासारखे झाड कोणते, असे पैगंबर (स.) यांनी एकदा विचारले. उत्तर खजूर आहे, हे अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या मनात आले. पण वडीलधाऱ्यांसमोर वयाने लहान म्हणून ते संकोचाने गप्प राहिले. नंतर त्यांनी ही गोष्ट वडिलांना सांगितली. हजरत उमर (रजि.) रागावले नाहीत की हसले नाहीत; तू बोलला असतास तर मला फार आवडले असते, अशा अर्थाचे ते बोलले. पालकहो, आपण अशा वेळी काय बोलतो? मूल अडखळले की पाहुण्यांसमोर त्याची नक्कल करतो. मुलगी असेल तर "तुला कुठे भाषणे करायची आहेत" असे म्हणतो. मुलाचे तोंड माईकने बंद होत नाही, आपल्या हसण्याने होते.

लहान वयावर विश्वास टाकल्यास काय घडते, हेही पाहा. 1904 साली लाहोरच्या अंजुमन हिमायत-ए-इस्लामच्या वार्षिक जलशात मौलाना अबुल कलाम आझाद बोलले, तेव्हा त्यांचे वय अवघे पंधरा होते. तोही शिक्षणाचे काम करणाऱ्या संस्थेचाच जलसा होता.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. सिंदफणेकाठचे आपले माजलगाव 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होते आणि कारभाराची भाषा उर्दू होती. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला आणि कचेरीची भाषा मराठी झाली. आपल्या अनेक घरांतून मात्र दखनीच बोलली जाते. त्यामुळे मुलाला भीतीबरोबर भाषेचीही नदी ओलांडावी लागते. ती ओलांडता येते. आपल्या जवळच्या बार्शीत 1916 साली जन्मलेले शाहीर अमर शेख, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, यांच्या मराठी आवाजाने संयुक्त महाराष्ट्र चळवळीतील मैदाने दुमदुमली. गाण्याची ओढ त्यांना लागली ती आई मुनेरबी यांच्या लोकगीतांतून. घरची बोली हीच पहिली शाळा होय. तीत मुलाला मनमोकळे बोलू द्या, मग मराठीत आणि उर्दूतही तो बोलेल.

आता थोडे माईकविषयी. कार्यक्रमाच्या आधी मुलाला एकदा माईकवर बोलवून त्याचा स्वतःचा आवाज ऐकवा, म्हणजे तो दचकणार नाही. माईक त्याच्या उंचीइतका खाली करा. तोंड व माईक यांत चार बोटे ते वीतभर अंतर ठेवा आणि माईक किंचित तिरपा धरू द्या, म्हणजे प, फ, भ उच्चारताना फुसफुस होणार नाही. माईकवर फुंकर मारू नये, टिचकी मारू नये. कर्ण्यातून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला की शिट्टी वाजते. म्हणून कर्ण्यासमोर उभे राहू नये. ओरडण्याची गरज नाही. सूरह लुकमानमध्ये पित्याने पुत्राला आवाज धिमा ठेवण्याचा उपदेश केला आहे. पैगंबर (स.) तर इतके सावकाश बोलत की ऐकणाऱ्याला शब्द मोजता यावेत, असे हजरत आयेशा (रजि.) सांगतात. माईकवर बोलण्यास याहून चांगला धडा कोणता?

सुरुवात आजच करा. रात्री जेवणानंतर पाच मिनिटे मुलाला व मुलीला उभे करा, दिवसभरात काय पाहिले ते सांगू द्या आणि ते सांगत असताना मध्ये बोलू नका. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही पुढच्या कार्यक्रमात आपले नाव स्वतःहून द्या. अल्लाह आपल्या मुलांच्या जिभेची गाठ सोडवो आणि त्यांना खरे बोलण्याचे धैर्य देवो. आमीन.