लिहिलेल्या शब्दाला सूर नसतो

पारावर बसल्या बसल्या कोणी म्हणाले, "वा! मोठे शहाणे आलात!" तर आपण आधी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो. डोळे हसरे दिसले की आपणही हसतो. कपाळाला आठी दिसली की सावध होतो. तेच शब्द कागदावर उतरवून पाहा. डोळे गेले, आठी गेली, सूर गेला. उरली नुसती अक्षरे. ती थट्टेची की रागाची, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. भांडणाचे बी पुष्कळदा पडते ते येथेच.

आपल्या जुन्या पत्रांत ही उणीव मायना भरून काढी. वडिलांस 'तीर्थरूप', धाकट्यास 'चिरंजीव', बरोबरीच्यास 'राजमान्य राजेश्री', आणि शेवटी 'लोभ असावा ही विनंती'. मजकुराला सुरुवात होण्यापूर्वीच लिहिणाऱ्याचे मन वाचणाऱ्याला कळे.

पण जेथे मायनाच नाही, तेथे काय होते? त्याची एक गंमतीची, पण खरी हकीगत सांगतो.

अमेरिकेत पिट्सबर्ग शहरी कार्नेगी मेलन विद्यापीठ आहे. तेथील संगणकशास्त्राच्या मंडळींचा १९८२ साली संगणकावरच एक सूचनाफलक होता. एकाने मजकूर लिहावा, इतरांनी तो आपापल्या जागी वाचावा, उत्तर द्यावे. चित्र नाही, आवाज नाही. सप्टेंबरात तेथे एक कोडे निघाले. दोर तुटून लिफ्ट खाली कोसळू लागली, तर तिच्यातल्या पेटत्या मेणबत्तीचे आणि पाऱ्याच्या थेंबाचे काय होईल? तेवढ्यात एका विनोदी गृहस्थाने अगदी गंभीर भाषेत इशारा लावला: प्रयोगामुळे डावीकडची लिफ्ट पाऱ्याने दूषित झाली आहे, थोडी आगही लागली होती! ज्यांनी आधीचे कोडे वाचले नव्हते, त्यांतल्या काहींना ते खरेच वाटले. पारा विषारी, त्यांची काय चूक?

मग विनोदाला काहीतरी खूण असावी, असा विचार निघाला. कोणी तारा सुचवला, कोणी टक्क्याचे चिन्ह. १९ सप्टेंबर रोजी स्कॉट फालमन या संगणकशास्त्रज्ञाने लिहिले, की अपूर्णविरामाची दोन टिंबे, एक आडवी रेघ आणि एक कंस काढा, नि मान वाकडी करून बघा. हसरा चेहरा दिसेल! कंस उलटा केला की तोंड पडलेले. ते थट्टा नसलेल्या मजकुरासाठी. हा मूळ मजकूर २००२ साली जुन्या चुंबकीय फितींतून शोधून काढण्यात आला.

पुढची गंमत ऐका. पडलेल्या तोंडाचा अर्थ लवकरच बदलला. 'ही थट्टा नव्हे' याऐवजी 'मी नाराज आहे' असा तो झाला. म्हणजे गैरसमज टाळायला काढलेली खूणही ठरल्या अर्थाला टिकली नाही! खूण मदत करते, पण सगळे काम तिच्यावर टाकता येत नाही.

पुढे ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटरनेटच्या जाणकारांनी शिष्टाचाराचे नियम प्रसिद्ध केले. रागाचे उत्तर रात्रभर थांबून पाठवावे. हसऱ्या खुणा बेताने वापराव्या. आपण लिहिताना जपून लिहावे, दुसऱ्याचे मात्र उदार मनाने घ्यावे. आपल्या घरची वडीलधारी माणसे याहून वेगळे काय सांगतात?

आज तीच चर्चा आपल्या हातातल्या मोबाइलवर आली आहे. गावकीच्या कामाबद्दल कोणी विचारतो, "हिशेब कुठे आहे?" विचारणाऱ्याला माहिती हवी असते, वाचणाऱ्याला वाटते, आपल्यावर आळ आला. दोघेही वाईट नसतात, पण बोलणे बंद होते आणि काम अडते. "भाऊ, हिशेब पाहायला मिळेल का?" एवढे लिहिले तर काय बिघडते?

शिक्षकबंधुभगिनींनो, पत्रलेखन शिकवताना मुलांना हेही सांगा, की मायना ही नुसती शोभा नव्हे. तो शब्दांना दिलेला चेहरा आहे. आणि मंडळी, एखादे वाक्य मनाला बोचलेच, तर उत्तर लिहू नका. सकाळी त्याच्या दारात जा आणि विचारा, "काय हो, तुम्हाला म्हणायचं काय होतं?"