स्तंभावरील गिलावा : ऑलिम्पियातील झ्यूस मंदिराच्या उत्खननाच्या अनुषंगाने

प्राचीन ग्रीक मंदिर म्हटले की संगमरवराचे शुभ्र स्तंभ दृष्टीसमोर येतात. ऑलिम्पिया येथील झ्यूसचे मंदिर या समजुतीस छेद देते. एलिसच्या लिबोन या स्थपतीने इ. स. पू. ४७० ते ४५६ च्या सुमारास उभारलेल्या या मंदिराचे स्तंभ स्थानिक, शिंपलेयुक्त चुनखडीचे होते. हा दगड सच्छिद्र व खरबरीत असल्याने त्यावर पांढऱ्या गिलाव्याचा पातळ थर देण्यात आला. शिल्पे व छताची कौले मात्र खऱ्या संगमरवराची होती. सुमारे साडेदहा मीटर उंच स्तंभावरील वीस उभ्या पन्हळींना रेखीवपणा आला तो या गिलाव्यामुळे. म्हणून त्यास केवळ बाह्य आवरण म्हणणे योग्य ठरत नाही; स्तंभाचे अंतिम रूप तोच होता.

इ. स. च्या सहाव्या शतकातील भूकंपांत मंदिर कोसळले व पुढे नद्यांच्या गाळाखाली गेले. १८२९ मध्ये फ्रेंच मोहिमेने येथे उत्खनन केले; तेव्हाचे शिल्पखंड पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात गेले. १८७४ च्या ग्रीक-जर्मन करारान्वये मात्र सापडलेल्या वस्तू ग्रीसमध्येच ठेवण्याचे ठरले आणि १८७५ पासून अर्न्स्ट कुर्टिउस यांच्या नेतृत्वाखाली पद्धतशीर उत्खनन सुरू झाले.

शिल्पांचे जतन करारामुळे झाले. गिलाव्याचे रक्षण करार करू शकत नाही. गाळाखाली ओलाव्यात टिकलेला थर उघडा पडताच सुकतो, तडकतो आणि गळून पडतो. ढोलाकार चिरा जमिनीकडे दबलेल्या बाजूस गिलावा राखून असण्याचा संभव अधिक. पण चिरा उलटविण्यापूर्वी त्याची दिशा, शेजारच्या चिऱ्यांचा क्रम, थरांची जाडी व रंग टिपला नाही, तर तो पुरावा पुन्हा मिळत नाही. जुन्या थरावर नवा थर आढळल्यास ती दुरुस्तीची, म्हणजेच मंदिराच्या उत्तरकाळाची साक्ष असते.

असा पुरावा किती नाजूक असतो, हे महाराष्ट्रातील वाचकास अजिंठ्यावरून ठाऊक आहेच. दहाव्या लेण्यातील गिलावा दिलेल्या, चित्रांकित स्तंभावर १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपले नाव कोरले. लेणी ‘उजेडात आणणाऱ्या’चीच ही खूण!

ऑलिम्पियात २००४ मध्ये एक स्तंभ पुन्हा उभारण्यात आला. तेथे आज पाहणाऱ्यास दिसतो तो शिंपल्यांचा उघडा दगड. लिबोनच्या समकालीनांनी तो तसा कधीच पाहिला नव्हता.