भोपळा, वाद्याचा

(कडू भोपळा, तुंबा, सं. अलाबू, शास्त्रीय नाव–लॅजेनॅरिया सिसेरॅरिया, कुल–कुकर्बिटेसी). मूळची आफ्रिकेतील, एका हंगामाची वेल. भाजीचा दुध्या याच जातीचा; वाद्यांसाठी मात्र मोठ्या घेराची, जाड कवचाची कडू फळे निवडतात. अमेरिकेत ही जात माणसाबरोबर पोचली की समुद्रप्रवाहातून, याबद्दल मतभेद आहेत.

वेल तणाव्यांनी चढते. फुले पांढरी, संध्याकाळी उमलणारी; नर व मादी फुले वेगवेगळी, पण एकाच वेलीवर. कडूपणा कुकर्बिटॅसिनांमुळे येतो व तो विषारी असतो. शोभेसाठी ठेवतात ते चट्ट्यापट्ट्यांचे चिमुकले भोपळे तांबड्या भोपळ्याच्या वंशातील (कुकर्बिटा) असून त्यांची फुले पिवळी असतात. या चिमुकल्या भोपळ्यांचा रंग पुढे उडतो.

सजावट : मिरजेच्या तंबोऱ्या-सतारींसाठी भोपळा मुख्यतः पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो. फळ पक्के वाळले की भिजवून कापतात, गर व बिया खरवडून काढतात आणि तोंडाचा आकार बिघडू नये म्हणून आतून बांबूच्या कामट्यांचा ताण देऊन पुन्हा सुकवतात. त्यावर लाकडी तबली (भोपळ्याचे तोंड झाकणारी फळी) बसते, वर गळा व दांडी. गळ्याच्या सांध्यावर कोरीव लाकडी पाने चिकटवतात. पाहणाऱ्याला ती निव्वळ नक्षी वाटते. प्रत्यक्षात वाद्याचा सर्वांत नाजूक सांधा त्यांच्याखाली झाकलेला असतो व त्याला त्यांचाच आधार मिळतो. तबलीच्या कडेने पट्ट्या बसवून त्यांवर वेलबुट्टी कोरतात आणि कोरलेल्या रेघांत रंग भरतात. पूर्वी या पट्ट्या हस्तिदंती असत. वन्यजीव कायद्यातील १९८६ च्या दुरुस्तीनंतर प्लॅस्टिकच सर्रास झाले. शेवटी चपडा लाखेचे पॉलिश. जुन्या हस्तिदंती कामाची रेघ अधिक बारीक असे, हे मान्य करावे लागते. मिरजेत हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकात शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, उभा केला. त्यांत फरीदसाहेबांचे नाव आद्य मानतात. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

दाक्षिणात्य सरस्वती वीणेचा वरचा भोपळा आता बहुधा कागदी लगद्याचा, धातूचा किंवा फायबरचा असतो व त्याचे काम टेकू आणि शोभा इतकेच उरले आहे. वारल्यांच्या तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यात भोपळा, बांबू व ताडाचे पान एकत्र येतात. त्यावर कोरीव नक्षीचा सोस नाही.

अन्यत्र : बस्तरमध्ये तापवलेल्या लोखंडी पात्याने तुंब्यावर नक्षी डागतात. पेरूमध्ये वान्कायोजवळच्या कोचास गावांत कोरीव काम चालते. त्याच देशातील वाका प्रिएता येथील उत्खननात (१९४६-४७) चार हजार वर्षांहून जुने नक्षीदार भोपळे सापडले.

इतर उपयोग : पाण्याची भांडी, पोहायला शिकण्याचा आधार.